बाल्कनी, शेवटची रांग

(पडद्यावर: रविवार, दादर पश्चिम. प्लाझासमोरचा रस्ता, फुटपाथवरची गर्दी. शिवाजी मंदिरची बुकिंग खिडकी.)

रविवार, दुपारचे तीन. प्रयोग चारचा. मी खिडकीत पैसे सरकवते. पलीकडून प्रश्न येतो, "ताई, बाल्कनी ना?" मी म्हणते, "शेवटची रांग, मधली." प्लॅनवर एक फुली पडते. खिडकीतली माणसं बदलली, मधे कॉम्प्युटर आला, आता बहुतेकांची तिकिटं मोबाईलवरच असतात. आमचं संभाषण मात्र चाळीस वर्षं एवढंच आहे.

मी नाटकातली कुणी नाही. नाटकात काम केलं नाही, नाटक लिहिलं नाही, परीक्षणही कधी छापून आणलं नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन. नागपूर बोला, सोलापूर बोला, तीन मिनिटं झाली, वाढवायची का? बोलणाऱ्याचा चेहरा कधी दिसायचा नाही. कोण घाईत आहे, कोण थापा मारतोय, कुणाच्या घरी काहीतरी बरंवाईट झालंय, हे "हॅलो"वरून कळायला लागलं होतं. तो कान घेऊन मी 1983 साली पहिल्यांदा एकटी नाटकाला गेले. परवडलं ते तिकीट काढलं. पुढे पगार वाढला, पण खुर्ची तीच राहिली.

मैत्रिणींना अजून वाटतं की मी चिकट आहे. आहे थोडी. पण कारण ते नाही. पुढच्या रांगेत बसलं की नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, मिशी कुठे उचकटली तेही दिसतं. वर बसलं की रंगमंचाची जमीन दिसते. नेपथ्यकाराने जमिनीचा विचार केलाय की नुसते फ्लॅट, म्हणजे भिंतींचे पडदे, रंगवून उभे केलेत, हे वरूनच कळतं.

(पडद्यावर: रिकामा रंगमंच, बाल्कनीतून. दोन कामगार सोफा सरकवताहेत.)

अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 सालचं. मी पाहिलं तोवर त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती, तरी लखोबा लोखंडे या भामट्याच्या भूमिकेत प्रभाकर पणशीकरच होते. त्या नाटकाचा रंगमंच फिरता. कोर्ट निघून जायचं नि एखाद्या बिचारीचं घर समोर यायचं. खालच्या लोकांना देखावा बदललेला दिसायचा. आम्हाला वरून ते अख्खं चाक वळताना दिसायचं, आणि त्या चाकावर बसून हा भामटा एका संसारातून दुसऱ्या संसारात चाललाय असं वाटायचं. तसंच ‘घाशीराम कोतवाल’. मूळ संच माझ्या वाट्याला आला नाही, नंतरचा एक प्रयोग पाहिला. ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांचीच भिंत, तिचाच पडदा. ती ओळ डुलायला लागली की मागे काय लपवलं जातंय ते दिसत नाही, आणि लपवलं जातंय एवढं मात्र स्वच्छ दिसतं. हेही वरूनच बघायचं नाटक.

आणि आता घरोघरची नाटकं. डावीकडे दार, मागे खिडकी, मधे सोफा, उजवीकडे आत जायची वाट. दर दुसरं नाटक याच फ्लॅटमध्ये घडतं. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की लेखकांनाच दुसरं काही सुचत नाही. मग हळूहळू गणित कळलं. नट सोमवार ते शुक्रवार मालिकेच्या चित्रीकरणात. म्हणजे प्रयोग शनिवार-रविवारीच. सगळ्यांनाच शनिवार-रविवार हवेत, म्हणून नाट्यगृहांच्या तारखावाटपात ओढाताण. मिळालेल्या दिवसात दोन-दोन प्रयोग बसवायचे. पुण्यात तर साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ, एकाच नाट्यगृहात तीन वेगळी नाटकं. एकाचा सेट निघाला की दुसऱ्याचा लागलाच पाहिजे. मग सेट असा हवा, जो झटपट उभा राहील, झटपट मोडेल आणि गाडीत मावेल. पात्रं चार, कारण प्रत्येक नटाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, वेगळी द्यायची. सोफा हा असा तारखावाटपातून जन्माला आलेला आहे.

पण चार पात्रं म्हणजे नाटक लहान, असंही समजू नये. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ 2017 साली आलं. त्यात रंगमंचावर दोनच बायका. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुतलाय आणि पंढरपूरची रखुमाई लखूबाई होऊन तिच्या घरी राबायला आलीय. मी ते तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा शेवटच्या रांगेतून. दोघींनी सबंध रंगमंच व्यापला होता, आणि गाताना शब्द कुठे सांडला नाही.

शब्द सांडण्यावरूनच माझी खरी तक्रार सुरू होते.

(पडद्यावर: प्रयोगाआधीची ध्वनितपासणी. नटाच्या गालाला माइक चिकटवला जातोय.)

पूर्वी रंगमंचाच्या कडेला दोन-चार माइक असायचे. नटाला त्यांच्या बेताने वावरावं लागायचं, आणि माइकवर विसंबून चालायचं नाही. आता प्रत्येकाच्या गालाला माइक. येऊ देत, माझी ना नाही. माइकने बऱ्याच घशांचं आयुष्य वाढलं असेल. पण माइक आल्यापासून वाक्याची शेपटी गिळायची सवय लागलीय. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "नाही" तर त्याच्याही मागे येतं. आता बघा, "मी तुला सोडून जाणार..." आणि पुढचा शब्द नटाच्या घशातच राहिला. जाणार आहे की जाणार नाही? खालच्यांना तोंड दिसतं, ते अंदाज बांधतात. बाल्कनीत आम्ही अर्धा तास उलटं नाटक बघत असतो.

मालिकेत कॅमेरा तोंडापाशी असतो. तिथे पुटपुटलं तरी भागतं, पुटपुटलेलंच बरं दिसतं. तोच माणूस रविवारी नाटकात येतो. पहिल्या प्रवेशाला टाळ्या पडतात, कारण तो रोज रात्री आपल्या घरात येतो. टाळ्या थांबेपर्यंत तोही थांबतो. तोवर नाटकातला माणूस गायब झालेला असतो आणि मालिकेतला समोर उभा असतो. मला बाल्कनीतून त्याचा चेहरा धड दिसत नाही, त्यामुळे या टाळ्यांशी माझं काही देणंघेणं नसतं. तो तोंड उघडेपर्यंत मी वाट बघते.

हेही सांगायला हवं की लोकप्रिय असणं हा काही गुन्हा नाही. प्रशांत दामल्यांचा 12,500 वा प्रयोग नोव्हेंबर 2022 मध्ये षण्मुखानंदला झाला. अडीच हजारांवर खुर्च्यांचं ते सभागृह. मला तिकीट मिळालं नाही, आणि बरंच वाईट वाटलं. ‘हलकंफुलकं’ म्हणून नाक मुरडणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा ते हलकंफुलकं शेवटच्या रांगेत बसून ऐकावं. विनोदाचा शेवटचा शब्द गिळला तर हशा येत नाही, म्हणून विनोदी नट शेवटचा शब्द कधी टाकत नाहीत. गंभीर नाटकातले टाकतात. त्यांना वाटतं, शांतता पसरली म्हणजे परिणाम झाला. कधीकधी ती शांतता नुसती ऐकू न आल्याची असते.

(पडद्यावर: पुणे, बालगंधर्व रंगमंदिर. समोरची बाग, मग आतली दोन तैलचित्रं.)

पुण्याला बहीण असते, म्हणून बालगंधर्वला जाणं होतं. कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हातून 1962 साली बसवली गेली. उद्घाटन 26 जून 1968चं. त्याच्या आदल्या वर्षी ते गेले होते. आत चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. मी दर खेपेला दोन्ही बघून मगच जिना चढते.

तिथे एकदा दुपारच्या लावणीच्या कार्यक्रमाला गेले, फक्त महिलांसाठी होता. बहिणीचे यजमान म्हणाले, "तुम्ही, आणि लावणीला?" म्हटलं, हो, मी. सबंध सभागृहात बायका. नऊवारीतल्या, ड्रेसमधल्या, डबा घेऊन आलेल्या, कडेवर नातवंडं घेतलेल्या. शिट्ट्या अशा वाजवत होत्या की एकीचं मंगळसूत्र तोंडात गेलं. आणि वरून काय दिसलं म्हणाल, तर त्या नाचणाऱ्या बाईने पहिल्याच कडव्यात मान वर केली नि बाल्कनीकडे बघून मुरका मारला. पहिल्या रांगेला एक, आम्हाला एक. इतक्या वर्षांत ‘दर्जेदार’ नाटकातल्या किती जणांनी वर बघितलं? बोटं मोजायला एक हात पुरे.

मग वाटलं, हे त्यांना शिकवलं कुणी? त्याचं उत्तर बहिणीच्या सासरी मिळालं. तिचं सासर नारायणगावच्या बाजूचं. तिथे पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक येऊन जत्रेसाठी सुपारी देऊन, म्हणजे तमाशा ठरवून जातात. त्यातलाच एक तमाशा जत्रेत पाहिला, जमिनीवर सतरंजी टाकून. गण झाला, गौळण झाली, मावशी आली, बतावणी सुरू झाली. इथे बाल्कनी नाही, रांगासुद्धा नाहीत. माणसं जिथे संपतात तिथे शेत सुरू होतं. सोंगाड्या त्या शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्यांना हाक मारून बोलत होता. तो ऐकू आला नाही तर लोक मुकाट बसत नाहीत, सरळ उठून जिलेबी खायला जातात. तालीम म्हणतात ती याला.

(पडद्यावर: कोल्हापूर. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या दगडी भिंती.)

कोल्हापूरचं नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915चं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. शेजारीच खासबागचं कुस्ती मैदान, तेही त्यांचंच. भिंतीच्या एका अंगाला शड्डू, दुसऱ्या अंगाला नांदी. एकाच राजाला दोन्हीचं सारखंच अगत्य होतं. मी तिथे एकदाच बसले, एका लग्नाला गेले होते तेव्हा. संगीत नाटक होतं. मधे खांब आडवा येत नव्हता आणि आवाज अंगावर येत होता. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला पुढे मिळालं त्या गायकनट केशवराव भोसल्यांची जयंती होती. टीव्हीवर जळणारं छप्पर दिसत होतं, आणि मी खुर्च्या शोधत होते.

(पडद्यावर: मध्यंतर. शिवाजी मंदिर, वड्यांचा घाणा.)

मध्यंतर. शिवाजी मंदिरच्या बटाटावड्याबद्दल इतकं बोललं गेलंय की मी भर घालत नाही, फक्त खाते. स्वच्छतागृहांबद्दल एकच सांगते. एका नाट्यगृहात, नाव घेत नाही, बायकांच्या रांगेत उभी असताना तिसरी घंटा झाली. आम्ही अकरा जणी तिथेच. दुसऱ्या अंकात काय झालं ते एकमेकींना विचारत घरी गेलो. नाट्यगृह बांधणाऱ्यांनी कधी मध्यंतरात घड्याळ लावून बघितलेलं दिसत नाही.

मोबाईलचं तर विचारूच नका. सुरुवातीला सूचना होते, सगळे माना डोलावतात, आणि नायिकेचा बाप मरत असताना कुणाच्या तरी पर्समधून गणपतीची आरती वाजायला लागते. नटांनी प्रयोग थांबवल्याच्या बातम्या येतात. मला नटांचंच बरोबर वाटतं. पण बाल्कनीत अंधारात जे उजेडाचे चौकोन लागतात ना, ते बघून मी दुसराही एक हिशोब करते: कोणत्या प्रवेशाला किती चौकोन लागले. नाटक कुठे सैल पडलं ते बरोबर कळतं. दिग्दर्शकांनी एकदा वर येऊन बसावं.

(पडद्यावर: बाल्कनी, शेवटची रांग. दिवे मंद होताहेत.)

आता एक गोष्ट, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरकडे गेले. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला. जुने दिवस आठवले. आवाज आला की बटण दाबायचं. मला वाटलं, मी झकास दाबलं. डॉक्टरने कागदावरचा आलेख दाखवला. डावा ठीक. उजवा बराच खाली उतरलेला. वयानुसार होतं म्हणाले. बारीक आवाज आधी जातात. स, श, फ असली अक्षरं निसटतात.

घरी येऊन पहिला विचार हाच आला, की इतकी वर्षं मी ज्यांच्या नावाने बोटं मोडली, ते नट शेपटी गिळत होते, की माझा कान?

मग भाचीला सोबत नेलं. वय चोवीस, कान शाबूत. तिला शेजारी बसवलं आणि मध्यंतरात विचारलं, "तो जाताना काय म्हणाला?" ती म्हणाली, "मावशी, काय माहीत, पुटपुटला काहीतरी." मला इतका आनंद झाला की तिला दोन वडे घेऊन दिले. पुढच्या महिन्यात दुसरं नाटक. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "असं काय? ‘सांगू नकोस’ म्हणाला की. स्पष्ट म्हणाला." मला ‘आंगू’ असं काहीतरी आलं होतं, आणि मनातल्या मनात मी त्या पोराला शिव्या घालून मोकळी झाले होते. त्या पोराची इथे माफी मागते. पहिल्याची नाही.

भाची म्हणते, पुढच्या रांगेचं तिकीट काढू, चारशे-पाचशे रुपये मी देते. मुलगी चांगली आहे.

(पडद्यावर: पुन्हा बुकिंग खिडकी.)

"ताई, बाल्कनी ना? शेवटची, मधली. आहे शिल्लक."

"शेवटचीच द्या. पण मधली नको. उजव्या हाताची, भिंतीकडची."

"तिकडून रंगमंच तिरका दिसतो हो."

"दिसू दे. डावा कान तिकडे येतो."