बातमीखाली नाव कुणाचं?

मंडळी, वर्तमानपत्राच्या पानावर अगदी तळाला, भिंगातून वाचावी लागेल अशा बारीक टायपात एक ओळ असते. मुद्रक-प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, संपादक तमुक. बऱ्याच पत्रांत पुढे असंही लिहिलेलं असतं, की बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी या संपादकांची. ही ओळ कुणी वाचत नाही. मी उपसंपादक होतो तेव्हा आम्हीही वाचत नसू. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्यात होती. इंग्रजांनी तो कायदा काही वाचकांच्या कळवळ्यानं केला नव्हता, कोण काय छापतंय यावर त्यांना नजर ठेवायची होती. पण त्यातून वाचकाला आपसूक एक सोय मिळाली. बातमी खोटी निघाली तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे त्याला ठाऊक झालं.

आज मला बोलायचंय ते या दाराबद्दल. समाजमाध्यमांवरच्या बातमीला दार नसतं. आणि तरीही आपण तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण ती घेऊन येणारा माणूस आपल्या घरातला असतो.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा भटका समाज. त्यांतले बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. जमावानं त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांचा जीव घेतला. काही जण ते मोबाइलवर चित्रित करत होते.

त्या दिवसांत फोनवर नेमकं काय फिरत होतं, ते पाहण्यासारखं आहे. एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे जण रस्त्यावरचं मूल उचलून नेताना दिसत. ती कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती व्हावी म्हणून तिथल्या एका संस्थेनं ती बनवली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवतात. हा शेवट कुणीतरी कापला. दुसऱ्या दृश्यात ओळीनं ठेवलेले मुलांचे मृतदेह होते, आणि सोबत मजकूर असा की यांचे अवयव काढून घेतले आहेत. ती मुलं सीरियातली होती, २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात मेलेली. म्हणजे दृश्यं बनावट नव्हती. मूल उचललेलं खरंच दिसत होतं, मृतदेहही खरे होते. त्यांच्यावरून गाव आणि तारीख पुसली गेली होती, आणि त्या जागी ज्यानं त्यानं आपलं गाव भरलं.

शिकलेली माणसं मला सांगतात, "अहो, अडाणी लोक फसतात." मला हे पटत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत उपग्रहाला सापडणारी चिप आहे, हे आदिवासी पाड्यांवरून आलं नव्हतं. ते पदवीधरांच्या ग्रुपांवर फिरलं आणि टाय लावलेल्या निवेदकांनी टीव्हीवर आकृत्या काढून समजावून सांगितलं. त्याआधी, २१ सप्टेंबर १९९५ ला, गणपती दूध प्यायला. तेव्हा कुणाच्या खिशात व्हॉट्सअॅप होतं? लँडलाइनवर बातमी पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. फरक एवढाच, की त्या दिवशी ज्याला शंका होती त्याला स्वतः चमचा घेऊन देवळात जाता येत होतं. साक्रीच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसानं कराचीला कसं जायचं?

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या तिघा संशोधकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या सव्वा लाखाहून अधिक बातम्यांचा प्रवास तपासून प्रसिद्ध केला. पंधराशे माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या साधारण सहापट वेळ लागत होता. यंत्रं खरं-खोटं दोन्ही सारखंच पसरवत होती, खोट्याला पाय फुटत होते ते माणसांमुळे. खोट्यात नवलाई जास्त असते. खरी बातमी बहुतेकदा कंटाळवाणी असते, हे मी बातमीच्या टेबलावर उमेदीची वर्षं घालवून सांगतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पाच म्हणजे कमी वाटतं. पण तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसं मावत. पाच ग्रुप म्हणजे बाराशे ऐंशी फोन, तेही एकाच माणसाच्या एका बोटानं. पुढे, वारंवार फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसू लागले आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण आजही दिसतात. मला विचाराल तर त्या बाणांचा अर्थ 'लोकप्रिय' असा न घेता 'बेवारस' असा घ्यावा.

मग खरं-खोटं ठरवायचं कुणी? सरकारनं? केंद्रानं स्वतःच्या कारभाराविषयीच्या बातम्यांसाठी तथ्य तपासणी कक्ष नेमण्याची तरतूद केली होती. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं त्यावर दुमत झालं, तिसऱ्यांकडे प्रकरण गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला ती तरतूद रद्द ठरली. मला ते योग्यच वाटलं. ज्याच्याबद्दल बातमी आहे, त्यानंच ती खरी की खोटी हे सांगायचं, हा कुठला न्याय?

ग्रुप अॅडमिननं ठरवायचं? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ अॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. हेही बरोबर आहे. बिचाऱ्याच्या हातात मजकूर आधी तपासून सोडण्याची सोयच नसते. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवले की लक्षात येतं, पानाच्या तळाची ती बारीक ओळ इथे कुणाच्याच नावावर चढत नाही.

म्हणून मी पोस्टकडे उपसंपादकाच्या सवयीनं बघतो. गाव कुठलं, तारीख कुठली, सांगणारा कोण? "एका डॉक्टरांनी सांगितलंय" याला आमच्या टेबलावर कचऱ्याची टोपली होती. "जसं आलं तसं पाठवतोय" असं वर लिहिलेलं असेल तर पाठवणाऱ्यालाही खात्री नाही, हे त्यानं स्वतःच कबूल केलंय. चित्र जुनं आहे का, हे गूगलवर उलट शोध घेऊन पाहता येतं, सहसा मिनिटभराचं काम. मुलं पळवल्याची बातमी असेल तर ११२ ला फोन करावा, ग्रुपला नाही.

मघाशी चिठ्ठी आली आहे, "घरातलेच वडीलधारे असं पाठवतात, त्यांना खोटं कसं म्हणायचं?" प्रश्न अवघड आहे. चार भाच्या-पुतण्यांसमोर ग्रुपवर काकांना खोटं ठरवलंत, तर काका दुसऱ्या दिवशी ईर्षेनं दहा मेसेज टाकतील. त्यांना वेगळा फोन करा. आधी तब्येत विचारा, मग म्हणा, "काका, तुम्ही काल पाठवलंत ते कुठल्या गावचं हो? मला तिथल्या माणसाशी बोलायचं होतं." काका सांगतील, मला तर जोशींनी पाठवलं. मग जोशींचा नंबर मागा.