सोफ्यावरून खेळताना: दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पीसीचे खेळ

मित्रहो, आजचा विषय अगदी घरगुती आहे. संगणकावरचे खेळ टेबलाशी बसून न खेळता दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, सोफ्याला पाठ टेकून खेळायचे म्हटले तर काय करावे लागते आणि ते सगळे करूनही अनेकांचे समाधान का होत नाही, याविषयी मी बोलणार आहे. वरवर पाहता हा एका केबलचा प्रश्न वाटतो. ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पीसीतल्या चित्र रंगवणाऱ्या भागाला, एचडीएमआयचे पोर्ट असते, टीव्हीलाही असते; दोन्ही जोडली की चित्र दिसू लागते. मात्र पहिल्या दहा मिनिटांतच दोन तक्रारी कानावर येतात. एक, अक्षरे वाचता येत नाहीत. दोन, खेळ ‘जड’ वाटतो, म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावरचा गडी क्षणभर रेंगाळून हलतो. पहिल्या तक्रारीचे मूळ अंतरात आहे आणि दुसरीचे वेळेत. दोन्ही गोष्टी घरच्या घरी मोजता येतात, आणि त्या मोजल्याशिवाय खिशात हात घालू नये, हे माझे आजचे मुख्य म्हणणे आहे.

एका अर्थाने पीसीचा दिवाणखान्याकडचा प्रवास हा परतीचा प्रवास आहे. 1977 सालचा ॲपल टू काय किंवा 1982 साली आलेले झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर 64 काय, हे घरगुती संगणक सर्रास टीव्हीलाच जोडले जात. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर एका ओळीत 32 अक्षरे मावत, कमोडोरवर 40. त्या काळच्या टीव्हीला याहून बारीक अक्षर नीट दाखवताच येत नसे, त्यामुळे अक्षर आपोआप मोठे राही आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही लागे. पुढे कचेरीच्या कामासाठी ओळीत 80 अक्षरे हवीशी झाली, त्यासाठी वेगळा मॉनिटर आला, आणि संगणक टेबलावर हातभर अंतरावर जाऊन बसला. तेव्हापासून त्याच्यासाठी लिहिलेला जवळजवळ प्रत्येक खेळ त्या हातभर अंतराला गृहीत धरत आला आहे.

आता थोडे गणित करू. 24 इंची मॉनिटर साधारण 53 सेंटिमीटर रुंद असतो आणि आपण त्याच्यापासून सुमारे 60 सेंटिमीटरवर बसतो; म्हणजे तो आपल्या नजरेचा जवळजवळ 48 अंशांचा भाग व्यापतो. 55 इंची टीव्ही सुमारे 122 सेंटिमीटर रुंद असतो, पण आपण त्याच्यापासून 2.7 मीटर दूर बसलो तर तो जेमतेम 25 अंश व्यापतो. ज्याला आपण कौतुकाने मोठा पडदा म्हणतो, तो डोळ्यांच्या हिशेबाने टेबलावरच्या मॉनिटरच्या निम्मा असतो! मॉनिटरइतकेच दृश्य सोफ्यावरून हवे असेल, तर पडदा सुमारे 108 इंची लागेल. अक्षरांचेही तेच. मॉनिटरवर 3 मिलिमीटर उंचीचे अक्षर तेवढेच मोठे भासायचे असेल, तर 2.7 मीटरवरून ते साडेतेरा मिलिमीटर असावे लागते; त्याच मांडणीचा खेळ 55 इंची पडद्यावर ताणला, तर ते होते जेमतेम 7 मिलिमीटर. म्हणून अक्षरे वाचता आली नाहीत की लगेच चष्म्याच्या नंबराला दोष देण्याचे कारण नाही.

याच गणिताची दुसरी बाजू खर्चाची आहे, आणि ती फार कमी लोक पाहतात. सामान्य निरोगी डोळा सुमारे एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा वेगळा ओळखू शकतो. 2.7 मीटरवरून पाहताना हा बारकावा 0.79 मिलिमीटर भरतो. 55 इंची 4के, म्हणजे 2160 ओळींच्या, पडद्याचा एक ठिपका मात्र 0.32 मिलिमीटरचा असतो. साध्या 1080पी, म्हणजे 1080 ओळींच्या, चित्राचा ठिपकासुद्धा 0.64 मिलिमीटरच. म्हणजे 4के चित्रासाठी ग्राफिक्स कार्ड दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, सुमारे 83 लाख ठिपके रंगवण्याचे जे कष्ट घेते, त्यांतले बरेचसे सोफ्यावर पोहोचण्याआधीच विरून जातात. येथे थोडी सावधगिरी हवी. तिरक्या रेषांचे दातेरी काठ आणि तारेच्या कुंपणासारख्या बारीक वस्तूंची लुकलुक डोळ्याला याहून लहान मापातही जाणवते, त्यामुळे 1080पी आणि 4के यांत काहीच फरक दिसत नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु खेळ 1440पीवर, म्हणजे सुमारे 37 लाख ठिपक्यांवर रंगवून तो डीएलएसएस किंवा एफएसआरसारख्या तंत्राने 4केपर्यंत वाढवला, तर सोफ्यावर बसलेल्या माणसाला तो फरक ओळखणे कठीण जाते आणि कार्डाचा निम्म्याहून अधिक भार हलका होतो. डीएलएसएस 2018 साली जाहीर झाले, एफएसआर 2021 साली आले. मॉनिटरसमोर नाक खुपसून पाहणाऱ्यांनी त्यांच्यातले दोष हिरिरीने शोधले, आणि टेबलापाशी ते दोष खरेही आहेत. दिवाणखान्यात मात्र या तंत्रांचे सोने होते.

अक्षरांवर उपाय काय? विंडोजमध्ये सगळ्या मजकुराचा आकार वाढवता येतो, आणि 4के टीव्हीवर मी तो 300 टक्के ठेवतो. पण खेळ हा आकडा सहसा जुमानत नाहीत. तेथे खेळाच्या स्वतःच्या पर्यायांत जाऊन उपशीर्षके आणि आकडेपट्ट्या मोठ्या कराव्या लागतात. कन्सोलवरही निघालेल्या खेळांत ही सोय बहुधा असते. खेळ निवडण्यापुरता प्रश्न व्हॉल्व्ह कंपनीने 2012 साली स्टीम या आपल्या पीसी खेळांच्या ऑनलाइन दुकानात ‘बिग पिक्चर’ आणून बऱ्यापैकी सोडवला. मोठी चित्रे, मोठी अक्षरे आणि सगळा कारभार कंट्रोलरच्या बटणांवर, अशी ती मांडणी आहे. 2023 साली स्टीम डेक या व्हॉल्व्हच्याच हातातल्या खेळयंत्रावरची मांडणी तिच्या जागी आली, आणि ती अधिक सुटसुटीत आहे.

अक्षरे मोठी करूनही ती धूसर दिसत असतील, तर दोष टीव्हीच्या जुन्या सवयींचा असतो. पहिली सवय म्हणजे चित्राच्या कडा कापणे. काचेच्या नळीच्या टीव्हीत कडा वेड्यावाकड्या असत, म्हणून चित्र जरा फुगवून त्या चौकटीआड लपवल्या जात. आजच्या सपाट पडद्यांना याची काडीची गरज नाही, तरी काही संच अजून चित्र फुगवतात आणि मग विंडोजची तळपट्टी अर्धी गायब होते. दुसरी सवय रंग वाचवण्याची. चित्रपटाच्या चित्रात चार ठिपक्यांची उजळता वेगवेगळी, पण रंग मात्र चौघांत मिळून एकच साठवला जातो. माणसाच्या चेहऱ्यावर हे लक्षातही येत नाही. निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरांचा मात्र चिखल होतो. अनेक टीव्हींमध्ये त्या पोर्टचे नाव बदलून ‘पीसी’ असे दिले की हे दोन्ही प्रकार थांबतात. नाव बदलल्याने चित्र सुधारते हे ऐकायला जादूटोण्यासारखे वाटते, पण करून पाहा.

आता वेळेकडे वळतो. माझ्या मते हाच विषयाचा गाभा आहे.

नळीच्या जुन्या टीव्हीत संकेत येईल तसतशी किरणशलाका पडद्यावर रेघा ओढत जाई. थांबून विचार करण्याची सोयच त्याच्यात नव्हती, त्यामुळे विलंबही जवळपास शून्य होता. आजचा टीव्ही म्हणजे स्वतःच एक संगणक आहे. तो आलेली फ्रेम साठवतो, तिच्यातला खरखरीतपणा पुसतो, कडा ठळक करतो, रंग खुलवतो आणि मग दाखवतो. सर्वांत महागात पडते ती हालचाल गुळगुळीत करणारी सोय. दोन फ्रेमच्या मधली फ्रेम कल्पनेने रचायची, तर पुढची फ्रेम आधी हातात यावी लागते. म्हणजे मुद्दाम थांबणे आलेच, आणि सेकंदाला 60 फ्रेम असतील तर हे थांबणे किमान 16.7 मिलिसेकंदांचे, प्रत्यक्षात बरेच जास्त. चित्रपट पाहताना टीव्ही दशांश सेकंद मागे राहिला तरी काही बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवला जातो. खेळात मात्र आपले बोट आणि पडदा यांचा संवाद चाललेला असतो, आणि त्या संवादात दशांश सेकंद म्हणजे फार झाला.

माझीच फजिती सांगतो. नवा टीव्ही घरी आल्यावर खेळ जड वाटू लागला, तेव्हा मी सरळ अधिक ताकदीचे ग्राफिक्स कार्ड घेतले. फ्रेम दुप्पट झाल्या, पण जडपणा जिथल्या तिथे. शेवटी शहाणपण सुचले आणि मी फोनचा कॅमेरा सेकंदाला 240 चित्रांवर ठेवून कंट्रोलरवरचे बोट आणि मागचा पडदा एकाच चौकटीत टिपला. बटण पूर्ण दाबले गेल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंतची चित्रे मोजायची आणि प्रत्येक चित्राचे 4.17 मिलिसेकंद धरायचे, एवढीच ही पद्धत आहे. फक्त दहा वेळा मोजून सरासरी काढावी. माझी सरासरी 31 चित्रे आली, म्हणजे सुमारे 129 मिलिसेकंद. टीव्हीच्या यादीत चार पायऱ्या आत दडलेला गेम मोड, म्हणजे चित्रावरची ही सगळी प्रक्रिया टाळणारी सोय, सुरू केला आणि ती 14 चित्रांवर उतरली, म्हणजे सुमारे 58 मिलिसेकंद. उरलेला विलंब खेळाचा स्वतःचा, कार्डाच्या रांगेचा आणि थोडासा कंट्रोलरचा. नवे कार्ड परत करण्याची मुदत तोवर उलटून गेली होती.

2017 साली निश्चित झालेल्या एचडीएमआय 2.1 या आवृत्तीने गेम मोड आपोआप सुरू करण्याची सोय आणली. तिचे मोठे देणे मात्र आणखी दोन आहेत: 4के चित्र सेकंदाला 120 वेळा पाठवता येणे आणि बदलता रिफ्रेश रेट. आधीच्या 2.0 आवृत्तीत सेकंदाला 18 गिगाबिटांची वाट होती, येथे 48 ची आहे. बदलत्या रिफ्रेश रेटमध्ये टीव्ही आपल्या तालावर कार्डाला नाचवत नाही. फ्रेम तयार होईल तेव्हा ती दाखवतो, त्यामुळे सेकंदाला 60 वरून 52 फ्रेम झाल्या तरी अडखळणे जाणवत नाही. ज्यांच्या टीव्हीला ही सोय नाही पण 120 हर्ट्झ आहे, म्हणजे चित्र सेकंदाला 120 वेळा बदलते, त्यांनी जड खेळ 40 फ्रेमवर बांधून पाहावेत. 120 ला 40 ने नि:शेष भाग जातो, म्हणून चाल एकसारखी राहते. आणि वेळेच्या हिशेबाने 40 फ्रेम म्हणजे 25 मिलिसेकंद, जे 30 फ्रेमचे 33.3 आणि 60 फ्रेमचे 16.7 यांच्या बरोबर मध्यावर येतात. केवळ दहा फ्रेमच्या वाढीत अर्धी मजल मारली जाते. फक्त टीव्हीच्या पाठीमागे नीट पाहून घ्यावे, कारण चार पोर्टांपैकी दोनच पूर्ण क्षमतेची असणे सर्रास आढळते, आणि त्यांतले एक बहुधा ध्वनिसंचाने अडवलेले असते.

पीसी दुसऱ्या खोलीत असेल तर काय, असा प्रश्न हमखास येतो. पूर्ण वेगाची साधी तांब्याची केबल तीनेक मीटरनंतर बेभरवशाची होते. त्यापुढे प्रकाशतंतूची केबल घ्यावी, जिची दोन्ही टोके वेगवेगळी असतात आणि उलटी जोडली तर काहीच दिसत नाही. दुसरा मार्ग घरच्या नेटवर्कमधून चित्र पाठवण्याचा. व्हॉल्व्हने 2015 साली त्यासाठी स्टीम लिंक नावाची लहानशी डबी काढली आणि 2018 साली बंद केली, पण त्याच नावाचे ॲप आज कित्येक टीव्हींवर चालते. पीसीवरून चित्र पाठवणारे सनशाइन आणि टीव्हीकडे ते उलगडणारे मूनलाइट ही मुक्त स्रोताची जोडीही उत्तम आहे. चित्र दाबून पाठवणे आणि पुन्हा उलगडणे यांत काही मिलिसेकंद जातातच, मात्र खरा घात वायफाय करते: सरासरी वेग चांगला असूनही मधूनच माहितीचे एखादे पाकीट उशिरा येते आणि चित्र गचकते. निदान पीसी तरी तारेने राउटरला जोडावा. टीव्हीचे तारेचे पोर्ट पुष्कळदा 100 मेगाबिटांचेच असते, पण 30-40 मेगाबिटांच्या प्रवाहाला ते पुरून उरते.

किरकोळ गैरसोयी आहेतच. ग्राफिक्स कार्डे टीव्हीला उठवण्याचा आणि झोपवण्याचा संकेत सहसा पाठवत नाहीत, म्हणून रिमोट वेगळा हातात घ्यावा लागतो. विंडोजची एखादी चौकट नको त्या क्षणी मध्ये येते आणि कंट्रोलरने तिचे काही वाकडे होत नाही. टचपॅड असलेला छोटा बिनतारी की-बोर्ड सोफ्याच्या उशीखाली ठेवणे हाच त्यावरचा उपाय. ओएलईडी पडदा असेल तर तळपट्टी लपवून ठेवावी, नाहीतर तिचा डाग कायमचा उमटू शकतो.

एका श्रोत्याने सुरुवातीलाच चिठ्ठी पाठवली होती की, शेकडो सैनिक माउसने हलवायचे डावपेचांचे खेळ टीव्हीवर कसे खेळावेत. मांडीवर पाट घेऊन, त्यावर माउस ठेवून मी ते वर्षभर करून पाहिले. पाठ अवघडली, माउस दोनदा सोफ्याच्या फटीत गेला आणि नकाशावरची नावे शेवटपर्यंत वाचता आली नाहीत. ते खेळ मी आता पुन्हा टेबलाशीच खेळतो.