घोडीचा गळा आणि परवाची वरात

(शहादा येथे घोडेमालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, सारंगखेड्याची यात्रा तोंडावर आली की माझा फोन थांबत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी बाजार भरणार, त्याच सुमाराला लग्नाच्या तिथी, आणि घोडी नेमकी तेव्हाच आजारी पडते. पलीकडून आवाज येतो, "डाक्टर, घोडीना गया सुजना शे. परवा वरात शे. चाली का नही?" म्हणजे घोडीचा गळा सुजलाय, वरातीला चालेल का. मी उलट विचारतो, ताप किती? मग फोनवर थोडा वेळ कुणी बोलत नाही. नवऱ्यासाठी चांदीचा साज घेतलेला असतो, पण घरात साधा थर्मामीटर नसतो.

निवांत उभ्या घोड्याचा ताप साधारण 99.5 ते 101.3 अंश फॅरनहाइट असतो. पळवून आणल्यावर मोजला तर जास्तच येणार, म्हणून सकाळी, काम करण्याआधी मोजायचा. थर्मामीटरला सुतळी बांधा, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा आणि तो शेपटीच्या केसांना अडकवा. टोकाला थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारात घाला. उभं राहायचं ते बाजूला, मांडीला चिकटून. पाठीमागे उभं राहिलात तर पुढचं मोजमाप तुमचंच करावं लागेल.

आता हात लावून बघू. खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या खोबणीत चार बोटं घाला. निरोगी घोड्यातही तिथे बारीक, हलणाऱ्या गाठी लागतात, त्यांना घाबरू नका. तीन-चार वर्षांच्या शिंगराला जबड्याच्या हाडावरच टणक उंचवटे लागतात. ती दातांची मुळं असतात, सोडून द्या. कानाखाली, जबड्याच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंनी सूज आली असेल, घोडं खातंपितं असेल, ताप नसेल, तर विचारा की काल कुठे चरलं? हिरव्यागार गवतात सोडलेल्या घोड्याची तिथली लाळग्रंथी फुगते. तबेल्यात आणून वाळका चारा दिला की काही तासांत बसते. अशा घोड्यावर बसायला माझी हरकत नाही.

पण बोटाला गरम, दुखरी गाठ लागली, घोडं मान लांब करून उभं असेल, पाणी पिताना नाकातून परत येत असेल आणि ताप 103च्या पुढे असेल, तर तो बहुधा स्ट्रँगल्स, म्हणजे जंतूंमुळे होणारा आणि एका घोड्यातून दुसऱ्यात पसरणारा गळ्याचा आजार. या इंग्रजी शब्दात गळा आवळण्याचा अर्थ आहे आणि तो खोटा नाही. घशामागच्या गाठी सुजल्या की श्वासनलिका दाबली जाते, घोडं घोरल्यासारखा आवाज करतं. त्यात वरातीत मान कमानीसारखी दिसावी म्हणून आपण लगाम आवळतो. म्हणजे आधीच अरुंद झालेल्या नळीला वरून पिळा.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक पांढरी नुकरा घोडी दाखवायला आणली. गाठ लहान होती, घोडी खात होती. मी गाठ दाबून बघितली आणि "चालेल" म्हणालो. ताप मोजला नाही. बँडच्या गर्दीत दीड तास नाचून झाल्यावर घोडी मान खाली घालून उभी राहिली. श्वास घेताना येणारा तो आवाज आजही कानात आहे. घोडी वाचली, पण पुढच्या पंधरवड्यात त्याच हाळावर पाणी पिणाऱ्या तीन घोड्यांचे जबडे सुजले. मालकानं मला शब्दानं दुखावलं नाही. ते जास्त लागलं.

म्हणून सांगतो, तुम्ही विचारता ते एका घोडीबद्दल, पण निर्णय असतो सगळ्या तबेल्याचा. जंतू शिरल्यापासून साधारण 3 ते 14 दिवसांत ताप येतो. नाकातून जंतू पडू लागतात ते ताप आल्यावर एक-दोन दिवसांनी. दुसऱ्या घोड्यांचा ताप रोज दोनदा मोजलात तर हे एक-दोन दिवस तुमच्या हातात असतात. त्यातच ताप आलेलं घोडं वेगळं बांधा. बादली, खरारा, मोरखी, दाणा द्यायचं टोपलं, सगळं त्याचं त्याला. हाळाच्या पाण्यात हा जंतू काही आठवडेही टिकू शकतो.

गाठ पिकू द्यायची. गरम पाण्याच्या पट्ट्यांनी शेका, फुटली की जखम धुवा, पू उघड्यावर टाकू नका. बिब्बा लावणं आणि डाग देणं बंद करा. सुजलेल्या गळ्यावर तापलेली सळई ठेवणाऱ्याला मी उपचार करणारा म्हणत नाही. आणि दुकानातून परस्पर इंजेक्शन आणून टोचू नका. गाठ पिकायला लागल्यावर अँटिबायोटिकनं ती नुसती रेंगाळते. कधी द्यायचं ते तपासणाऱ्याला ठरवू द्या. मात्र श्वासाला आवाज येत असेल तर वाट बघू नका, रात्री दोनलाही उठवा.

एका आजारात थट्टा नको, तो ग्लँडर्स. गाठ कठीण, बहुतेकदा एकाच बाजूला, हाडाला चिकटल्यासारखी, सहसा न फुटणारी. नाकात व्रण, चिकट शेंबूड, कधी पायावर ओळीनं फोड. हा माणसाला होतो आणि जीव घेतो. हात लावू नका, सरकारी दवाखान्यात कळवा. कायद्यानं तो कळवावाच लागतो आणि रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात तपासले जातात. यात्रेत घोडं घेताना चाल बघता, भोवरे बघता, तसा या तपासणीचा कागदही मागा. आणि घरी आणलेलं घोडं तीन आठवडे वेगळं बांधा. स्ट्रँगल्स होऊन गेलेलं एखादं घोडं घशाजवळच्या हवेच्या पिशवीत जंतू महिनोन्‌महिने बाळगतं, दिसायला मात्र चकचकीत असतं.

पुन्हा कधी बसायचं? ताप उतरला की दुसऱ्या दिवशी, असं नाही. घोड्यांच्या फ्लूबाबत एक जुना हिशेब आहे: जितके दिवस ताप, तितके आठवडे आराम. मी तोच इथेही धरतो. गाठीची जखम भरली, नाक कोरडं झालं, की आधी आठवडाभर हातात धरून चालवा. मग हलकं खोगीर. श्वासाला आवाज आला की तिथेच उतरायचं.

त्या फोनवाल्या भाऊंना मी काय सांगितलं, ते विचारताय ना? ताप 104 निघाला. नवरदेव जीपमध्ये बसून गेला. घोडी अजून माझ्याकडे दाखवायला येते.