आतडे कापले, पित्त का बदलले?

श्रोतेहो, नमस्कार. आपण 'पित्त खवळलं' म्हणतो ते जठरातलं आम्ल. आज बोलायचंय ते यकृतातल्या पित्ताबद्दल. जेवणातलं तेल-तूप पचतं ते त्यातल्या पित्तक्षारांमुळे. शरीरात हे क्षार जेमतेम २ ते ४ ग्रॅम, पण दिवसातून अनेक फेऱ्या मारतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, इलियममध्ये, सुमारे ९५ टक्के क्षार शोषले जाऊन यकृताकडे परततात. क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारं दुखणं, बहुधा हाच भाग धरतो आणि शस्त्रक्रियेत तोच कापावा लागतो.

म्हणून दवाखान्यातून सुट्टी होताना विचाराच: इलियम किती सेंटिमीटर काढलं, मोठं आतडं किती उरलं? आकडे फाइलवर लिहून घ्या, पुढचे उपचार त्यावरच ठरतात. साधारण १०० सेंटिमीटरपेक्षा कमी काढलं असेल, तर यकृत जास्त क्षार बनवून तूट भरतं. पण निसटलेले क्षार मोठ्या आतड्याला डिवचतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. तिथे पित्तक्षार बांधून घेणारी कोलेस्टिरामाइनची पूड गुण देते. बाकीच्या गोळ्या मात्र तिच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर घ्याव्या. १०० च्या वर गेलं की यकृत पुरं पडत नाही. शौच तेलकट, चिकट होते. अशा वेळी तीच पूड उरलेसुरले क्षारही बांधून घेते आणि त्रास वाढतो. सावजीच्या तर्रीनं मग पोट बिघडतं, ते तिखटापेक्षा तेलानं.

आता पित्ताशयातले खडे. क्षार घटले की कोलेस्टेरॉल विरघळत नाही आणि त्याचेच खडे होतात, असं बरीच वर्षं मानलं जाई. तर्क बिनतोड वाटतो. पण अशा रुग्णांचं पित्त तपासलं तेव्हा त्यात कोलेस्टेरॉल फाजील नव्हतं, बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, मात्र वाढलेलं होतं. मोठ्या आतड्यात उतरलेले क्षार तिथलं बिलिरुबिन विरघळवतात. ते रक्तात शोषलं जातं आणि यकृतातून पुन्हा पित्तात येतं. यातून होणारे खडे काळे, रंगद्रव्याचे. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांसाठी आहेत, काळ्या खड्यांवर त्या चालत नाहीत. त्या आशेवर महिने घालवू नका. खडा दुखत असेल, तर सर्जनला भेटा.

मूत्रखड्यांकडेही लक्ष हवं. एरवी कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. न पचलेली चरबी ते कॅल्शियम अडकवते, मग मोकळं राहिलेलं ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून शोषलं जाऊन मूत्रपिंडात साचतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लघवी फिकट राहील इतकं पाणी प्या. बी-१२ ची तपासणीही चुकवू नका, तेही इलियममध्येच शोषलं जातं. आणि उजव्या बरगडीखाली कळ, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, असं एकत्र दिसलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.