स्किन कलर कुठला?

(दृश्य : खडूची पेटी, अगदी जवळून)

बारा खडूंची पेटी. त्यातला एक खडू बाकीच्यांच्या निम्मा झालाय. फिकट गुलाबी, किंचित पिवळसर. साताऱ्यातल्या या पोरांना विचारलं, हा कुठला रंग, की सगळी एका सुरात ओरडतात, "स्किन कलर!"

आता तो खडू धरलेला हात बघा.

(हात. मग एकेक चेहरा)

या पेटीतला 'स्किन कलर' इथल्या एकाही पोराच्या अंगाचा नाही. तरी आई याच खडूनं रंगते, शेतकरी याच खडूनं, मावळेही याच खडूनं. तुम्ही-आम्हीही लहानपणी असंच रंगवलं, आणि कुणी चूक दाखवली नाही. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या अशाच एका खडूचं नाव 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग, असं होतं. १९६२ साली ते बदलून 'पीच' केलं गेलं. या पेटीवर तर तसं काही छापलेलंही नाही. नाव आपणच देतो, आणि पोरं ते एकमेकांकडून शिकतात.

(दृश्य : अजिंक्यताऱ्यावरून शहर. कॅमेरा उतरत गल्लीत येतो)

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची ही गल्ली आणि तिच्या तोंडाशी असलेली ही चाळीस फुटी भिंत. पानाच्या पिचकाऱ्या, फाटकी पोस्टरं, शिकवणीच्या जाहिराती. इथं सगळ्यांनी मिळून चित्र काढायचं ठरलं, तेव्हा पहिली सूचना आली ती देवांची. देव काढले की कुणी थुंकत नाही. दुसरी सूचना महापुरुषांची. मग लगेच प्रश्न आला, मधे कोण आणि कडेला कोण? तिथं बैठक अडली.

ती सोडवली पेंटरकाकांनी. तीस वर्षं दुकानांचे बोर्ड लिहिलेला हा हात. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालंय, वळण मात्र तसंच आहे. काका म्हणाले, "गल्लीतलीच माणसं काढू. रोज दिसत्यात तीच."

(दृश्य : भिंत खरवडणं, प्रायमर, खडूची दोरी ताणून मारलेल्या चौकटी)

आधी भिंत खरवडली, धुतली, प्रायमर मारला. दोरीला खडू लावून चौकटी पाडल्या. मग मोबाईलवर काढलेले फोटो चौकटी मोजून भिंतीवर उतरवले. बेचाळीस चेहरे.

मग निघाला रंगाचा विषय.

(दृश्य : प्लास्टिकचे डबे, स्टेनरच्या म्हणजे मिसळायच्या गडद रंगांच्या बाटल्या)

पांढरं इमल्शन. त्यात यलो ऑक्साईड, रेड ऑक्साईड, बर्न्ट सिएना आणि थेंबभर निळा. काळी बाटली काकांनी झाकण घट्ट लावून लांब ठेवली. कातडीच्या रंगात काळा पडला की रंग मरतो, राखेसारखा दिसतो. सावळा हवा असेल तर लाल आणि निळा वाढवायचा. या भिंतीवरच्या बेचाळीस चेहऱ्यांपैकी एकाच्याही कातडीत काळा रंग नाही.

पण हे आजींना कुठं माहीत होतं? त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "माझा काळाच हाय बाबा. त्यात काय मिसळायचं?"

काकांनी त्यांचं मनगट हातात घेतलं. पहिला ठिपका, फार पिवळा. दुसरा, फिका. तिसऱ्याला लाल जास्त झाला. चौथा जवळ आला. पाचवा ठिपका टेकवला, आणि तो मनगटावर दिसेनासा झाला.

(पाचवा ठिपका, मग आजींचा चेहरा. इथे निवेदन नाही. आठ सेकंद)

ओला रंग वाळला की जरा गडद होतो. म्हणून प्रत्येक ठिपका वाळेपर्यंत थांबावं लागतं. त्या थांबण्यातच ही गल्ली बोलायला लागली. भाषण ऐकायला बोलावलं असतं तर आली नसती, आली असती तरी गप्प बसली असती. इथं हात पुढे करून बसल्यावर एक सूनबाई सांगून गेल्या, बघायला आलेले लोक म्हणाले होते, मुलगी फोटोत उजळ दिसत होती. शेजारच्या काकूंनी घरातलं लग्नाचं परिचयपत्र आणून दाखवलं : उंची, शिक्षण, वर्ण. आणि वर्णापुढे, निमगोरा.

(दृश्य : मोमोची गाडी, मग रंग ढवळणारी मुलगी)

ही मुलगी साताऱ्यात जन्मली. वडील नेपाळहून आले, चौकात मोमोची गाडी लावतात. ती मराठी शाळेत शिकते, तिची मराठी आपल्यासारखीच. तरी शाळेत तिला हाक मारतात, 'चायना'. तशी हाक मारणारी दोन पोरं आता तिच्याच शेजारी बसून काडीनं रंग ढवळतायत. तिचा रंग आणि त्यातल्या एकाचा रंग एकाच डब्यातून निघाला.

शाळेतल्या बाईंनी तिथंच सांगितलं की कातडीचा रंग मुख्यतः मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य ठरवतं. ते तयार करणाऱ्या पेशी सगळ्यांच्या अंगात साधारण सारख्याच असतात. त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात, हाच मुख्य फरक.

मग त्यांनी पोरांना मोबाईलवर एक लांबलचक भिंत दाखवली. लॉस एंजेलिसमधली. चित्रकार जुडी बाका यांनी १९७६ मध्ये तिथल्या पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीटवर काम सुरू केलं, आणि वेगवेगळ्या वंशांची चारशेहून जास्त मुलं सोबत घेऊन जवळजवळ अर्धा मैल भिंत रंगवली. पुस्तकांनी वगळलेल्या लोकांचा इतिहास तिथं आहे. पोरांनी एकच विचारलं, "आपल्याकडं कुणाला वगळलं?"

(दृश्य : भिंतीचा डावा कोपरा)

रंगावर बोलणं तसं सोपं. जातीचं नाव निघालं की आपल्याकडे आवाज खाली येतो. तो इथंही आला. पण साताऱ्यात राहून हे उत्तर टाळता येत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शहरातल्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदलं गेलं. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या मुलाला वर्गात वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. संध्याकाळी ते घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलंय.

पोरांनी ठरवलं, कोपऱ्यात गोणपाट काढायचं. नुसतं गोणपाट.

(दृश्य : ओल्या रंगावर फिरणारा कंगवा)

ओल्या रंगावरनं जुना कंगवा आधी आडवा फिरवायचा, मग उभा. गोणपाटाची वीण उठते. हात हलला की वीण तुटते, मग पुसून पुन्हा. तीन फुटांच्या या तुकड्याला दोन दिवस लागले.

एक गृहस्थ थांबून म्हणाले, पोरांच्या डोक्यात आत्तापासून हे कशाला घालता? उत्तर आजींनी दिलं. "डोक्यात हायच की ते. न्हाईतर या पोरीला चायना कशी म्हणली असती?"

(दृश्य : पूर्ण भिंत, डावीकडून उजवीकडे)

पंधरा दिवसांत भिंत झाली. त्या काकूंनी परिचयपत्रातला वर्णाचा रकाना काढला. 'चायना' ही हाक कमी झालीय, थांबलेली नाही. शेजारच्या आळीनं आता आपली भिंत देऊ केलीय.

आजींच्या डब्यात तळाला थोडा रंग उरला होता. तो त्यांनी मागून घेतला.

(दृश्य : आजींचं अंगण, सकाळ)

तुळशीवृंदावनाला लावलाय.