मुळेचं पाणी, कुंडलिकेची लाट

[अंधार. गाडीच्या दिव्यांत घाटाचं एक वळण, मग दुसरं.]

कोलाडला राफ्टिंगला जायचं म्हणून पहाटे साडेचारला पुण्याचा चांदणी चौक सोडला. एवढ्या लवकर का? कारण कुंडलिका नदी सकाळी येते. हो, येते. मे महिन्यात रात्रभर ती दगडांतून वाट काढत कशीबशी वाहते. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की तिला जाग येते. उशिरा पोचलात तर नुसते ओले दगड बघून परत या.

पुण्याहून कोलाड शंभर-सव्वाशे किलोमीटर. पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी. मागच्या सीटवर भाचा. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, त्यामुळे कानात गाणी आणि डोळे मिटलेले. मुळशीपाशी मात्र त्याला उठवलं.

[उजाडतंय. मुळशीचा जलाशय, काठावर उन्हाळ्यात उघडी पडलेली लाल माती.]

आज आपल्याला गदागदा हलवणारं पाणी हेच. हे मुळा नदीचं पाणी. एरवी ते पुण्यात येतं, संगमावर मुठेला भेटतं, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. टाटांनी इथे धरण बांधलं आणि पाण्याला पाठ फिरवायला लावली. बोगद्यातून आणि डोंगरउतारावरच्या पोलादी नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याला पडतं. १९२७ पासून तिथे वीज होते. वीज मुंबईला, पाणी कुंडलिकेला.

हे सुखासुखी झालेलं नाही. १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला होता. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण काही थांबलं नाही. शेतं, घरं, देवळं सगळं या पाण्याखाली आहे. भाचा काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपण त्यांच्यावरून जाणार?" मी गाडी चालवत राहिलो.

[ताम्हिणीचं जंगल. ऐन, जांभूळ, अंजनी. फांदीवर शेकरू.]

पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस. दोन तासांवरच्या या घाटात पाच हजारांच्या पुढे. आत्ता मात्र सगळं कोरडं, करवंदांच्या जाळ्या काळ्या झालेल्या. त्या बघून गाडी थांबलीच. ती पाच मिनिटं आम्हाला पुढे पळापळ करायला लावणार होती, पण त्याला इलाज नव्हता.

[नदीकाठ. रबरी राफ्ट, हेल्मेट, वल्ही.]

गाइड इथलाच, रोह्याकडचा. आवाज असा, की पलीकडच्या काठावरचा खंड्या उडाला. "काका, वल्ह्याचा वरचा दांडा सोडायचा नाही. सोडला की शेजाऱ्याचे दात गेले!" वल्ह्याच्या टोकाला इंग्रजी टीसारखी मूठ असते. तिच्यावर पंजा कायम झाकलेला हवा. राफ्टमध्ये पाण्यापेक्षा या मुठीचा मार जास्त बसतो म्हणतात. आणि पाय? समोरच्या फुगीर नळीखाली खुपसायचे. राफ्टच्या कडेवर बसलेल्या माणसाला तेवढाच आधार.

नदीच्या अवघडपणाच्या श्रेणी एक ते सहा. सहावी म्हणजे जिवाशी गाठ. कुंडलिका दुसरी-तिसरी. "एवढीच?" भाचा म्हणाला. गाइड नुसता हसला.

[पाण्याचा आवाज वाढत जातो. कॅमेरा राफ्टच्या नाकावर.]

पाणी वाचायला शिका, हा त्याचा पहिला धडा. पृष्ठभागावर गुळगुळीत पाण्याचा इंग्रजी व्हीसारखा आकार खालच्या अंगाला निमुळता होत गेला, तर ती वाट. टोक तुमच्याकडे असेल, तर तिथे दगड लपलाय. आणि मोठ्या दगडावरून उडी मारून पाणी मागे वळत असेल, नुसता पांढरा फेस घुसळत असेल, तर त्या खळग्याला आडवं जायचं नाही.

आम्ही आडवे गेलो.

"हाय साईड!" म्हणजे राफ्टची जी बाजू वर उचलली जातेय तिच्यावर सगळ्यांनी अंग टाकायचं. मी अर्थातच उलट्या बाजूला पडलो. नाकातोंडात पाणी, आणि थंड! भर मेमध्ये एवढं थंड. उभं राहावंसं वाटतं, तेच करायचं नसतं. दोन दगडांच्या बेचक्यात पाय अडकला की वरून येणारं पाणी माणसाला पालथं पाडतं. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, त्यांची बोटं पाण्याबाहेर. आठवलं एवढंच. मग खांद्यावर दोरी पडली आणि कोणीतरी लाइफ जॅकेटचे पट्टे धरून मला पोत्यासारखं आत ओढलं. तो भाचा होता. हे तो वर्षभर सांगणार.

[शांत डोह. दोन्ही काठांवर गर्द झाडी. वल्ही मांडीवर.]

शेवटी पाणी सपाट झालं. इथून ते रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला जाईल. धनेशाची एक जोडी नदी ओलांडून गेली. बराच वेळ कोणी बोललं नाही.

[संध्याकाळ. औंध, मुळेवरचा पूल.]

परतताना औंधच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेलं. खाली मुळा, काठोकाठ जलपर्णीने भरलेली. पाणी दिसतच नव्हतं. भाच्याने काच खाली केली, वास आला तशी वर केली.

"मामा," तो म्हणाला, "ही तीच ना?"