हात खिशाकडे जातो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. तंबाखू वाईट, हे पुडीवरच छापलेलं असतं; ते मी परत सांगत नाही. खरं तर त्या चित्रांनी घाबरलेला माणूस आधी एक चिमूट मळतो, असं माझं मत.

तंबाखू सोडायला मदत करणारा समुपदेशक आधी विचारतो, सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय घट्ट. मग बोलण्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनच्या च्युइंगमची जोड द्यावी लागते.

आता सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कामगाराचं ऐका. दिवसाला तीन पुड्या. समुपदेशकाने ‘सोड’ म्हटलंच नाही. पुडीला कागद गुंडाळून रबर लावायला सांगितलं. मळण्याआधी त्यावर लिहायचं: किती वाजले, काय चाललं होतं, सोबत कोण. आठ दिवसांनी कागद उलगडला, तर माग चालू असतानाची नोंदच नाही! वीज गेली, डबा खाऊन झाला, शेजारच्या मागवाल्याने तळहात पुढे केला, बस्स.

मग एकेका वेळेला एकेक तोड. वीज गेली की माठापर्यंत चालायचं, ग्लासभर पाणी घोट घोट प्यायचं. जेवल्यावर लगेच चूळ. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं, ‘मला विचारू नकोस.’ चुन्याची डबीही टाकली, कारण चुन्यामुळेच निकोटिन गालातून झटकन रक्तात उतरतं. सोडायची तारीख पंधरा दिवसांच्या आतली धरली.

सहाव्या दिवशी सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, जुना मित्र भेटला आणि एक चिमूट गेली. ‘गेलं सगळं!’ म्हणाला. इथंच बहुतेकांचं बिनसतं. एका चिमटीच्या रागावर पुडी आणतात. समुपदेशकाने विचारलं, ‘तेव्हा तोंडात काय होतं?’ ‘काहीच नाही.’ दुसऱ्या दिवसापासून खिशात लवंगा. मोजणी पुढे सातवा दिवस, पहिला नव्हे.

तल्लफ पाच-दहा मिनिटांची असते. परत सांगतो, पाच-दहा मिनिटांची. पहिला आठवडा चिडचिडीचा, दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. घरच्यांना आधी कल्पना द्या. आणि आयाबायांनो, मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘नुसते दात घासते’ हे चालणार नाही.

फोनवरही सल्ला मिळतो, फुकट: 1800-11-2356. पेन घेतलंत? एक आठ शून्य शून्य, एक एक, दोन तीन पाच सहा.